वाटाण्यापासून जीनोमपर्यंत : आनुवंशिकीच्या शाखा आणि त्यांचा इतिहास

बापजाद्यांकडून आलेल्या घराला, जमिनीला, संस्काराला मराठीत आपण 'वारसा' म्हणतो. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या आजाराला उर्दूत 'मौरूसी' बीमारी म्हणतात. दोन्ही शब्दांचे मूळ अरबीतल्या एकाच धातूत आहे. आईबापांकडून मुलांकडे जमीनजुमल्याप्रमाणे आणखी काहीतरी येते, हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक होते. मुलाचे नाक आजोबांवर गेले, मुलगी आत्यावर गेली, असे आपण सहज म्हणतो. पण नेमके काय येते, कुठून येते आणि कोणत्या हिशेबाने येते, याचे उत्तर मिळायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

त्याआधी निरीक्षणे होती, नियम नव्हता. सुमारे हजार वर्षांपूर्वी अंदलुसियातील कॉर्डोबाजवळचे थोर शल्यवैद्य अबुल कासिम अल-झहरावी यांनी आपल्या 'अत्‌-तसरीफ' या ग्रंथात एका विचित्र आजाराची नोंद केली. एका गावातल्या काही पुरुषांना साधी जखम झाली तरी रक्त थांबत नसे आणि त्यात मृत्यू येई. आज आपण ज्याला हिमोफिलिया म्हणतो, त्याच्या जुन्या वर्णनांपैकी हे एक मानले जाते. हा आजार घराण्यात का फिरतो आणि बहुधा पुरुषांनाच का होतो, हे सांगण्याचे साधन मात्र त्या काळी कोणाकडेच नव्हते.

ते साधन ज्या शास्त्राने दिले, ते म्हणजे आनुवंशिकी. या शास्त्राला आज अनेक शाखा आहेत. विद्यार्थी त्यांची नावे पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. पण प्रत्येक शाखा एका न सुटलेल्या प्रश्नातून जन्मली, हे लक्षात घेतले तर ही यादी पाठ करावी लागत नाही. आणखी एक गोष्ट दिसते. जन्माच्या नावाखाली माणसाने माणसावर जे आरोप केले, त्यातले बरेचसे याच शाखांनी एकामागून एक खोटे ठरवले.

शास्त्रीय आनुवंशिकी : मठातला वाटाणा

ग्रेगोर मेंडेल यांचा जन्म १८२२ चा. आजच्या चेक प्रजासत्ताकातील ब्रनो शहरातल्या मठात ते धर्मगुरू होते आणि शाळेत शिकवतही असत. विशेष म्हणजे शिक्षकाची पात्रता परीक्षा त्यांना दोन प्रयत्नांनंतरही पार करता आली नाही. टीईटीची तयारी करणाऱ्या आमच्या तरुण मित्रांनी हे जरूर लक्षात ठेवावे.

त्या काळची समजूत अशी, की आईबापांचे गुण दूध-पाण्यासारखे एकमेकांत मिसळतात. तसे असते तर उंच आणि बुटक्या झाडांच्या संकरातून मध्यम उंचीची झाडे यायला हवी होती. मेंडेल यांनी १८५६ ते १८६३ या काळात मठाच्या बागेत वाटाण्याची सुमारे २८ हजार रोपे वाढवून ही समजूत तपासली. त्यांनी सात गुण निवडले आणि प्रत्येक पिढीत चक्क मोजदाद केली. गोल आणि सुरकुतलेल्या बियांच्या प्रयोगात पहिल्या पिढीत सगळ्या बिया गोल निघाल्या. दुसऱ्या पिढीत ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेल्या बिया मिळाल्या, म्हणजे जवळजवळ तीनास एक. सुरकुतलेपणा नाहीसा झाला नव्हता, एक पिढी दडून राहिला होता. यावरून मेंडेल यांनी निष्कर्ष काढला, की प्रत्येक गुणासाठी दोन घटक असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. काही घटक प्रभावी असतात, काही अप्रभावी. ते मिसळून जात नाहीत, पुढच्या पिढीत पुन्हा वेगळे होतात.

१८६५ मध्ये त्यांनी हे काम ब्रनोच्या निसर्गविज्ञान मंडळापुढे वाचले आणि १८६६ मध्ये ते छापून आले. त्याचे महत्त्व कोणाच्या लक्षात आले नाही. मेंडेल १८८४ मध्ये वारले. पुढे १९०० मध्ये ह्यूगो द व्ह्रीस, कार्ल कॉरेन्स आणि एरिक चेरमाक या तिघांच्या संशोधनातून तेच नियम पुन्हा समोर आले आणि मेंडेल यांचे नाव जगाला कळले. इंग्लंडच्या विल्यम बेटसन यांनी या नव्या शास्त्राला 'जेनेटिक्स' हे नाव दिले, तर डेन्मार्कच्या योहानसेन यांनी १९०९ मध्ये मेंडेल यांच्या घटकाला 'जीन' म्हटले. आपण त्याला जनुक म्हणतो.

पेशी-आनुवंशिकी : जनुक राहते कुठे?

मेंडेल यांचा घटक कागदावरचा होता. तो शरीरात कुठे असतो, हा पुढचा प्रश्न. पेशी विभागताना तिच्या केंद्रकात धाग्यांसारख्या रचना दिसतात, हे सूक्ष्मदर्शकातून आधीच दिसले होते. त्यांना गुणसूत्रे म्हणतात. अमेरिकेत वॉल्टर सटन आणि जर्मनीत थिओडोर बोव्हेरी यांनी १९०२-०३ च्या सुमारास दाखवले, की गुणसूत्रेही जोडीने असतात आणि बीजपेशी तयार होताना वेगळी होतात, अगदी मेंडेल यांच्या घटकांसारखी. येथून पेशी-आनुवंशिकी ही शाखा सुरू झाली.

१९०५ मध्ये नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन संशोधिकेने धान्यातल्या एका किड्याचा अभ्यास केला. मादीच्या पेशीत २० मोठी गुणसूत्रे होती. नराच्या पेशीत १९ मोठी आणि एक अगदी छोटे. नराच्या निम्म्या शुक्रपेशींत ते छोटे गुणसूत्र जाते आणि त्यावरून पिल्लू नर की मादी हे ठरते. त्याच वर्षी एडमंड विल्सन यांनीही स्वतंत्रपणे असेच निष्कर्ष काढले. माणसातही आई एक्स आणि एक्स, तर बाप एक्स आणि वाय अशी स्थिती असते. आई प्रत्येक अपत्याला एक्सच देते. मुलगा की मुलगी, हे बापाकडून आलेल्या गुणसूत्राने ठरते आणि त्यातही बापाची इच्छा काही चालत नाही.

दहावीच्या पुस्तकात हे एका आकृतीत आहे. विद्यार्थी ती काढतात, पूर्ण गुण मिळवतात. पण आपल्या समाजात, मग तो कोणत्याही धर्माचा असो, तिसरी मुलगी झाली की आजही बोट सुनेकडेच जाते. तिला टोमणे मिळतात, प्रसंगी तलाकची किंवा दुसऱ्या लग्नाची धमकीही मिळते. महाराष्ट्राने १९८८ मध्ये गर्भलिंग तपासणीवर बंधन घालणारा कायदा केला, देशात सर्वांत आधी. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. स्टीव्हन्सबाईंच्या शोधानंतर ऐंशी-नव्वद वर्षांनी असे कायदे करावे लागले, याचा अर्थ आकृती वहीतच राहिली.

याच काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन फळमाश्यांवर प्रयोग करत होते. १९१० मध्ये त्यांना लाल डोळ्यांच्या माश्यांत पांढऱ्या डोळ्यांचा एक नर सापडला. या गुणाचे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, हे त्यांनी सिद्ध केले. अल-झहरावींनी नोंदवलेल्या कोड्याचे उत्तर इथे मिळते. हिमोफिलियाचे सदोष जनुकही एक्सवर असते. मुलीकडे दुसरा निरोगी एक्स असल्याने ती बहुधा बचावते, मुलाकडे दुसरा एक्स नसतो. मॉर्गन यांचा विद्यार्थी आल्फ्रेड स्टर्टेव्हंट याने पदवीचे शिक्षण चालू असतानाच जनुकांचा पहिला नकाशा तयार केला; तो १९१३ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात हे मात्र १९५६ मध्ये निश्चित झाले. तोवर पाठ्यपुस्तकांत ४८ छापले जात होते.

वैद्यकीय आणि जैवरासायनिक आनुवंशिकी

जनुक गुणसूत्रावर असते हे कळले, पण ते करते काय? लंडनचे डॉक्टर आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी १९०२ मध्ये अल्कॅप्टोनुरिया या आजारावर निबंध लिहिला. या आजारात लघवी हवेत काळी पडते. गॅरॉड यांच्या लक्षात आले, की अशा अनेक रुग्णांचे आईवडील एकमेकांचे सख्खे चुलत, मामे अशा नात्यातले होते. हा गुण अप्रभावी असून शरीरातले एखादे विकर कमी पडल्याने आजार होतो, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे बीडल आणि टॅटम यांनी १९४१ मध्ये ब्रेडवर वाढणाऱ्या बुरशीवर प्रयोग करून एक जनुक एक विकर घडवते, ही कल्पना मांडली. नंतर तिच्यात सुधारणा झाली, पण दिशा पक्की झाली.

गॅरॉड यांचे निरीक्षण आपल्या घरापर्यंत येते. सख्ख्या चुलत, मामे, मावस भावंडांत सरासरी एक अष्टमांश जनुके समान असतात. आजोबांकडे एखादे सदोष अप्रभावी जनुक असेल, तर ते नवरा आणि बायको दोघांकडेही आलेले असण्याची शक्यता वाढते. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणी मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक असते. मुस्लिम घरांत चुलत-मावस भावंडांची लग्ने होतात, महाराष्ट्रातल्या अनेक हिंदू जातींत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे. म्हणून एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. शरीयतने अशा लग्नाची परवानगी दिली आहे, सक्ती केलेली नाही. बहुतेक अशा जोडप्यांची मुले निरोगी असतात, हेही खरे. पण थॅलेसेमियाचा वाहक आहे की नाही, हे साध्या रक्ततपासणीने कळते. शादीच्या मंडपावर लाखभर खर्च करणाऱ्यांनी निकाहाआधी ही तपासणी करून घ्यावी. नात्यात लग्न नसले तरीही.

या शाखेतला एक शोध आपल्या मुंबईतला आहे. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी एका अनोख्या रक्तगटाची माहिती 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दिली. त्याला जगभर 'बॉम्बे रक्तगट' म्हणतात. ए आणि बी हे गट ज्या पायावर उभे राहतात, तो एच नावाचा घटकच या लोकांत नसतो. त्यामुळे नेहमीच्या तपासणीत त्यांचे रक्त 'ओ' दिसते, पण त्यांना साधे ओ गटाचे रक्त चालत नाही. यातला दुसरा धडाही महत्त्वाचा आहे. एरवी एबी गटाच्या आईबापांना ओ गटाचे मूल होत नाही असे आपण शिकवतो, पण दोघांकडे हे दुर्मिळ अप्रभावी जनुक असेल तर ओ दिसणारे मूल होऊ शकते. रक्तगटाचा कागद हातात घेऊन बायकोच्या चारित्र्यावर संशय घेणाऱ्याने हे आधी वाचावे.

अर्धवट ज्ञानाचा काळ

शास्त्राच्या इतिहासातले हे पान काळे आहे. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८३ मध्ये 'युजेनिक्स' हा शब्द काढला. आपण त्याला सुप्रजननशास्त्र म्हणतो. चांगल्या वंशाच्या लोकांनी जास्त मुले जन्माला घालावीत आणि 'हलक्या' लोकांना रोखावे, असा त्याचा मथितार्थ. गरिबी, गुन्हेगारी, मंदबुद्धी हे सगळे वाटाण्याच्या सुरकुतीसारखे एकेका घटकाने येते, असे सांगितले जाऊ लागले. अमेरिकेच्या इंडियाना राज्याने १९०७ मध्ये सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. जर्मनीत नाझींनी १९३३ मध्ये तसाच कायदा आणला आणि सुमारे चार लाख लोकांची नसबंदी केली. त्यानंतर काय घडले, ते जगाला माहीत आहे.

या इतिहासात एक मराठी नाव आहे आणि ते अभिमानाने घ्यावे असे आहे. इरावती कर्वे संशोधनासाठी बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. वंशश्रेष्ठत्वाचे हे मोठे समर्थक पुढे नाझी राजवटीचे आधार बनले. युरोपीय आणि इतर वंशांच्या कवट्यांच्या दोन बाजूंत वेगवेगळी असमानता असते, असा त्यांचा कयास होता. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशानुसार असा फरक आढळत नाही, हा निष्कर्ष आपल्या गुरूसमोर ठेवला. परदेशी विद्यार्थिनीने बर्लिनमध्ये बसून हे लिहिणे सोपे नव्हते.

उलट टोकाची चूक सोव्हिएत रशियात झाली. तिथे लायसेंको यांनी जनुकांची कल्पनाच भांडवलदारांची म्हणून नाकारली आणि स्टालिन यांनी त्यांची पाठराखण केली. जगभरातून पिकांचे बियाणे गोळा करणारे निकोलाय वाविलोव्ह यांना १९४० मध्ये अटक झाली आणि १९४३ मध्ये ते तुरुंगात मरण पावले. एका देशाने जनुकाला सर्वस्व मानले, दुसऱ्याने शून्य. दोन्हीकडे सत्तेला आधी उत्तर हवे होते आणि शास्त्राने ते फक्त सजवून द्यायचे होते.

समूह-आनुवंशिकी : हिशेब लोकसमूहाचा

वंशवादाला नुसत्या भावनेने उत्तर देता येत नाही, हिशेबाने द्यावे लागते. तो हिशेब समूह-आनुवंशिकीने मांडला. १९०८ मध्ये गणितज्ञ जी. एच. हार्डी, तेच ज्यांनी पुढे रामानुजन यांना केंब्रिजला बोलावले, आणि जर्मन डॉक्टर वाइनबर्ग यांनी वेगवेगळे दाखवले, की बाहेरचा दबाव नसेल तर समूहातले जनुकांचे प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या तेच राहते. प्रभावी गुण वाढत जातो आणि अप्रभावी संपतो, हा गैरसमज त्यातून दूर झाला. फिशर (हे इंग्लंडचे रोनाल्ड फिशर), सिवॉल राइट आणि जे. बी. एस. हॉल्डेन यांनी या पायावर डार्विन आणि मेंडेल यांची सांगड घातली. हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, इथले नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला त्यांचे निधन झाले.

मुंबईतही हे काम झाले. डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि एल. डी. संघवी यांनी मुंबईतल्या, आपापल्यातच लग्न करणाऱ्या सहा समूहांच्या आनुवंशिक गुणांची तुलना १९४९ च्या सुमारास प्रसिद्ध केली. ज्या नियतकालिकात ती आली त्याचे नाव 'अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स'. १९५४ मध्ये ते नाव बदलून 'अ‍ॅनल्स ऑफ ह्यूमन जेनेटिक्स' झाले. शास्त्राने आपल्या दारावरची पाटी बदलली होती.

१९७२ मध्ये रिचर्ड लेवॉन्टिन यांनी जगभरच्या समूहांची आकडेवारी तपासली. माणसामाणसांतल्या आनुवंशिक विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के विविधता एकाच समूहाच्या आत सापडते, वंशावंशांतला फरक त्यामानाने फार थोडा. सिकलसेलचे उदाहरण तर बोलके आहे. महाराष्ट्रात नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंतच्या आदिवासी भागांत हा आजार आढळतो. त्याला काही लोक त्या समाजाचा दोष समजतात. १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवले, की या जनुकाची एकच प्रत असणाऱ्याला मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, तिथे हे जनुक टिकले. हा कोणाच्या रक्ताचा हलकेपणा नव्हे, त्या भूमीत जगण्यासाठी मोजलेली किंमत आहे.

रेण्वीय आनुवंशिकी : जनुक कशाचे बनले आहे?

१९४४ मध्ये न्यूयॉर्कच्या एव्हरी, मॅक्लिऑड आणि मॅकार्टी यांनी जीवाणूंवरील प्रयोगांतून दाखवले, की वारसा वाहून नेणारा पदार्थ प्रथिन नसून डीएनए आहे. १९५३ मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी त्याची दुहेरी वळणाच्या शिडीसारखी रचना मांडली. त्यासाठी रोझलिंड फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेतल्या क्ष-किरण चित्राचा मोठा आधार मिळाला. ते चित्र त्यांना न विचारता दाखवले गेले होते. फ्रँकलिन १९५८ मध्ये वारल्या आणि १९६२ चे नोबेल इतर तिघांना मिळाले.

डीएनएची चार अक्षरे प्रथिनांची भाषा कशी बोलतात, हे उलगडण्यात हरगोविंद खोराना यांचा वाटा होता. आज पाकिस्तानात असलेल्या मुलतान जिल्ह्यातल्या रायपूर या लहान गावी त्यांचा जन्म झाला. वडील पटवारी. शंभरेक वस्तीच्या त्या गावात लिहिता-वाचता येणारे जवळजवळ हेच एक कुटुंब होते. लाहोरला शिकलेल्या या मुलाला १९६८ मध्ये निरेनबर्ग आणि हॉली यांच्यासोबत नोबेल मिळाले. तीन-तीन अक्षरांचे शब्द, त्यांपासून एकेक अमिनो आम्ल, त्यांपासून प्रथिन. ही लिपी जीवाणूपासून माणसापर्यंत जवळजवळ एकच आहे.

जनुक अभियांत्रिकी, जीनोमिक्स आणि एपिजेनेटिक्स

लिपी वाचता आली की लिहिण्याचा मोह होतो. १९७३ मध्ये कोहेन आणि बॉयर यांनी एका सजीवाचा डीएनएचा तुकडा दुसऱ्यात घालून दाखवला. १९८२ पासून जीवाणूंकडून बनवलेले मानवी इन्सुलिन बाजारात आले आणि मधुमेही रुग्णांना डुकराच्या किंवा गाईच्या इन्सुलिनवर अवलंबून राहण्याची गरज हळूहळू संपली.

१९९० ते २००३ या काळात मानवी जीनोम प्रकल्प पार पडला. सुमारे तीन अब्ज अक्षरांचे हे पुस्तक वाचून झाले, तेव्हा जनुके निघाली जेमतेम वीस हजारांच्या आसपास. कोणत्याही दोन माणसांची अक्षरे सुमारे ९९.९ टक्के सारखी असतात, हेही कळले. २०१२ मध्ये शार्पेंतिए आणि डाउडना यांनी क्रिस्पर हे जनुक कापण्याचे अचूक तंत्र मांडले, त्यांना २०२० चे नोबेल मिळाले. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने सिकलसेलवर या तंत्राने केलेल्या उपचाराला मान्यता दिली. हा उपचार इतका महाग आहे, की धडगाव किंवा भामरागडच्या मुलापर्यंत तो कधी पोहोचेल, हा प्रश्न आता शास्त्राचा राहिलेला नाही, आपल्या व्यवस्थेचा आहे.

शेवटची शाखा एपिजेनेटिक्स. जनुकाची अक्षरे तीच राहून ती कधी चालू होतात, कधी बंद, याचा हा अभ्यास. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नाझींच्या नाकेबंदीमुळे हॉलंडमध्ये उपासमार झाली. त्या काळात पोटात असलेल्या मुलांच्या जनुकांवरील रासायनिक खुणांत साठ वर्षांनंतरही फरक आढळले. म्हणजे आईच्या ताटात काय होते, हेही वारशात उतरते.

मेंडेल यांच्या वाफ्यापासून इथपर्यंतच्या सुमारे दीडशे वर्षांत आनुवंशिकीने आपल्याला काय शिकवले? वारसा मिळतो, हे खरे. पण तो 'उच्च' आणि 'नीच' अशा पाट्या लावून येत नाही. मुलगी झाली म्हणून आई दोषी नाही, आजार आहे म्हणून समाज हलका नाही, कवटीच्या मापाने कोणी श्रेष्ठ ठरत नाही. हे सगळे सिद्ध झालेले आहे आणि शाळेत शिकवलेही जाते. आता ते लग्न जमवताना, बाळ जन्मल्यावर आणि 'ते लोक तसेच असतात' असे म्हणण्याआधी आठवले पाहिजे. आपल्या मुलांनी दहावीच्या विज्ञानाचे पुस्तक मिटले, तरी हा एक धडा त्यांच्या घरात उघडा राहावा.